‘२६ लाख अपात्र’ म्हणजे नेमकं काय? लाभार्थ्यांचा सरकारी आकडा कसा तपासायचा

जुलै २०२५ च्या शेवटी राज्याच्या महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही पैसे घेत असल्याचं दिसलं आहे आणि त्यांचा जूनचा हप्ता थांबवला आहे. दुसऱ्या दिवशी ‘अपात्र’ या शब्दाचं ‘बोगस’ झालं. संध्याकाळपर्यंत एसटीत, चहाच्या टपरीवर, घरोघरीच्या व्हॉट्सअॅप गटांत एकच वाक्य फिरत होतं: सव्वीस लाख बायकांनी सरकारला फसवलं.

महिनाभरानं त्याच मंत्र्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे सव्वीस लाख ‘प्रथमदर्शनी’ निकषात बसत नाहीत असं माहिती तंत्रज्ञान विभागाच्या छाननीतून दिसलं असून त्यांची यादी प्रत्यक्ष पडताळणीसाठी जिल्ह्यांकडे पाठवली आहे, असं त्या म्हणाल्या. ही बातमी फार कुणाच्या लक्षात राहिली नाही. पण क्रम नीट पाहा: आधी हप्ता थांबला, मग आकडा जाहीर झाला, मग घरी जाऊन पाहायचं ठरलं. एवढ्या मोठ्या आकड्यावर आपण मत बनवतो, तेव्हा तो कुठल्या टप्प्यावरचा आहे हे विचारायला हवं. ते कसं विचारायचं, हे मी इथे सोपं करून सांगणार आहे.

एका लग्नाचे तीन हिशेब

गावातल्या लग्नात किती माणसं जेवली, असं तिघांना विचारा. मुलीचे वडील वाटलेल्या पत्रिकांवरून सांगतील. वाढपी उठलेल्या पंगतींवरून सांगेल. आचारी संपलेल्या तांदळावरून सांगेल. तिन्ही उत्तरं वेगळी येतील आणि तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नसेल.

लाभार्थ्यांचंही असंच आहे. अर्ज केलेल्या, अर्ज मंजूर झालेल्या आणि खात्यात खरोखर पैसे पोचलेल्या, या तीन वेगळ्या संख्या. लाडक्या बहिणींची संख्या कधी अडीच कोटी सांगितली जाते, कधी सव्वादोन कोटी. सव्वीस लाखांचे हप्ते थांबल्यावर ज्यांना जूनचे पैसे मिळाले त्या सव्वादोन कोटी होत्या, म्हणून हा फरक.

शिवाय काय मोजलं तेही बघावं लागतं. लाडकी बहीण योजनेत एक बाई म्हणजे एक लाभार्थी. रेशनकार्ड मात्र कुटुंबाचं असतं आणि त्यावर माणसं चार असतील किंवा नऊ. ‘इतकी कार्डं रद्द’ असं वाचलं की किती ताटं हलली ते त्यावरून कळत नाही.

चाळणीच्या वर आणि चाळणीच्या खाली

लाभार्थी निवडणं म्हणजे धान्य चाळणं. चाळणीची भोकं बारीक असली तर खडे धान्यातच राहतात. भोकं मोठी केली तर खड्यांबरोबर चांगला दाणाही खाली जातो. अपात्र माणूस यादीत घुसणं ही पहिली चूक, तिला समावेशाची चूक म्हणतात. पात्र माणूस यादीबाहेर राहणं ही दुसरी, तिला वगळणुकीची चूक म्हणतात. पुढे मी त्यांना नुसतं ‘घुसलेले’ आणि ‘गळालेले’ म्हणेन.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. घुसलेले मोजायला सरकारकडे यादी असते, यंत्र असतं, कारणही असतं, कारण त्यांना काढलं की पैसे वाचतात. गळालेले मात्र यादीतच नसतात, म्हणून ते आपोआप कुठल्याच रकान्यात येत नाहीत. त्यांना मोजायचं तर कुणीतरी मुद्दाम उठून वस्तीवर जावं लागतं. आपल्या घरीसुद्धा चाळून झाल्यावर वरचं धान्य डब्यात जातं. खाली पडलेल्यात दाणे किती होते हे बघायला वेगळं बसावं लागतं.

यंत्र ‘अपात्र’ कसं ठरवतं?

योजनेच्या अटी साध्या आहेत: वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारं कुणी नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही, सरकारी नोकरी नाही वगैरे. अडीच कोटी घरी जाऊन हे पाहणं अवघड, म्हणून लाभार्थ्यांची यादी दुसऱ्या सरकारी याद्यांशी जुळवून पाहतात: गाड्यांची नोंद, आयकराची नोंद, इतर योजनांच्या याद्या. दोन्हीकडे एकच माणूस सापडला की नावापुढे खूण होते.

आता अडचण ‘एकच माणूस’ या शब्दांतच आहे. माझ्या आईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं आणि शेवटी ‘बाई’ लावलेलं, बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. महाराष्ट्रातल्या बहुतेक विवाहित बायकांची गोष्ट अशीच आहे. लग्नानं नाव, आडनाव, पत्ता आणि मधलं नाव, सगळंच बदलतं. त्यामुळे पुरुषांची यादी जुळवताना जेवढ्या चुका होतील त्याहून जास्त बायकांची यादी जुळवताना होतील, हे आधीच धरून चालायला हवं.

मग ‘कुटुंब’ म्हणजे कोण? कुटुंब ओळखायचं कागदोपत्री साधन बहुतेकदा रेशनकार्ड. पण दोन भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, आणि कार्ड मात्र सासऱ्यांच्या नावाचं एकच राहतं, कारण ते फोडून घ्यायला तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. अशा घरात सासू आणि दोन जावा यंत्राला एकाच कुटुंबातल्या तिघी दिसतात. थोरल्या दिराची जुनी चारचाकी धाकट्या जावेच्याही नावापुढे चिकटते. तिनं काही लपवलेलं नसतं.

त्या सव्वीस लाखांत काही ठिकाणी पुरुषांनीही अर्ज केल्याचं सांगितलं गेलं, आणि त्यावर सगळ्यात जास्त संताप झाला. खरोखर तसं केलं असेल तर वसुली व्हायलाच हवी. पण अर्ज बाईचा आणि जोडलेलं खातं नवऱ्याचं किंवा मुलाचं, असंही असू शकतं, कारण तिचं स्वतःचं खातंच नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर ही दोन माणसं सारखीच दिसतात. फरक दारात उभं राहिल्यावर कळतो.

साडेसात लाख माणसं, एकच मोबाईल

महालेखापरीक्षक, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी घटनात्मक यंत्रणा. ‘कॅग’ या नावानं ती आपल्याला माहीत आहे. २०२३ मध्ये कॅगनं आयुष्मान भारत आरोग्य योजनेचा अहवाल मांडला. त्यात ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांच्या नोंदीत मोबाईल क्रमांक एकच होता: ९९९९९९९९९९. केवढा मोठा घोटाळा, असंच कुणालाही वाटेल.

सरकारी बाजूचं उत्तर असं होतं, की लाभार्थी मोबाईलवरून ओळखला जातच नाही, तो रकाना नुसता भरायचा म्हणून भरला गेला. नोंदणीच्या रांगेत पन्नास माणसं उभी आहेत, समोरच्या आजींकडे फोन नाही आणि रकाना रिकामा ठेवला तर पडदा पुढे जात नाही, तर ऑपरेटर काय करेल? दहा वेळा नऊ दाबेल. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण मोबाईल चुकीचा असेल तर त्या माणसाला उपचाराचा निरोप, तक्रारीचं उत्तर काहीच पोचत नाही. तरीही त्यातून एक गोष्ट शिकायला मिळते: खराब नोंद आणि खोटा माणूस हे वेगळे दोष आहेत. कॅगनं दाखवली ती खराब नोंद. त्यात खोटी माणसं किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. हाच न्याय सव्वीस लाखांनाही लावायला हवा.

पंचाण्णव टक्के अचूक म्हणजे किती अचूक?

थोडं गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा यादीत अडीच कोटी बायका आहेत आणि त्यांतल्या खरोखर अपात्र ५ टक्के, म्हणजे साडेबारा लाख. यादी जुळवणारं यंत्र चांगलं आहे. अपात्र आणि पात्र दोघींनाही ते शंभरात ९५ वेळा बरोबर ओळखतं.

साडेबारा लाख अपात्रांपैकी ते ११ लाख ८७ हजार ५०० पकडेल. छान. आता उरलेल्या दोन कोटी साडेसदतीस लाख पात्र बायकांकडे बघा. त्यांच्यापैकी ५ टक्क्यांना यंत्र चुकून अपात्र म्हणेल. तो आकडाही येतो ११ लाख ८७ हजार ५००.

म्हणजे यंत्रानं खूण केलेल्या जवळपास पावणेचोवीस लाख बायकांपैकी निम्म्या निर्दोष, आणि हे यंत्र पंचाण्णव टक्के अचूक असताना. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं, कारण पटेना. कारण साधं आहे: पात्र बायका इतक्या जास्त आहेत की त्यांच्यातल्या छोट्या चुकीचाही ढीग होतो. म्हणून यंत्राची यादी ही संशयितांची यादी असते. पोलिसांनी चौकशीला बोलावलेल्या माणसाला आपण शिक्षा झालेला म्हणत नाही, तसंच हे.

झारखंडमध्ये कुणीतरी खाली पडलेलं धान्य तपासलं

हे सगळं तर्कानं झालं. पण एकदा खरंच तपासून पाहिलं गेलं आहे.

मार्च २०१७ मध्ये झारखंडच्या मुख्य सचिवांनी आदेश दिला, की आधारशी न जोडलेली रेशनकार्डं रद्द होतील. त्याच वर्षी राज्य सरकारनं ११ लाखांहून जास्त अपात्र, बनावट कार्डं काढून टाकल्याची कामगिरी सांगितली. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या कुटुंबाचं कार्ड रद्द झालं होतं आणि महिनोन्‌महिने घरात रेशन आलं नव्हतं. ती भात मागत गेली, असं आईनं सांगितलं. प्रशासनानं मृत्यूचं कारण मलेरिया असल्याचं सांगितलं. कारणावर वाद राहिला, पण कार्ड रद्द झालं होतं आणि घर मात्र खरं होतं.

पुढे अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी झारखंडच्या दहा जिल्ह्यांत अभ्यास केला. हे जिल्हे चिठ्ठी काढावी तसे निवडलेले होते, सोयीचे बघून घेतलेले नव्हते. २०१६ ते २०१८ या काळात त्या दहा जिल्ह्यांत १ लाख ४४ हजारांवर कार्डं रद्द झाली होती. रद्द कार्डांचा नमुना घेऊन माणसं शोधली गेली, तेव्हा सुमारे ८८ टक्के कार्डांमागे खरी कुटुंबं सापडली. जवळपास १२ टक्क्यांचा माग लागला नाही. म्हणजे ‘भूत’ कार्डं असलीच तर फार तर तेवढी.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. घर खरं आहे याचा अर्थ ते पात्रच आहे असा होत नाही. त्यातले काही सुस्थितीतलेही असतील. पण सरकारनं शब्द वापरला होता ‘बनावट’, आणि तो शब्द बहुतेक कार्डांना लागू नव्हता.

‘इतके कोटी वाचले’ हेही तपासा

अपात्रांच्या आकड्याला बहुतेक वेळा एक जोडीदार असतो: वाचलेले पैसे. गॅसचं अनुदान थेट बँक खात्यात देणारी ‘पहल’ योजना जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. अनुदानाचा खर्च झपाट्यानं कमी झाला आणि श्रेय बोगस जोडण्या काढल्याला दिलं गेलं. कॅगनं २०१६ मध्ये हिशेब लावला. एप्रिल ते डिसेंबर २०१४ च्या तुलनेत पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यांत अनुदान सुमारे २३ हजार ३०० कोटींनी घटलं होतं. त्यातले जवळपास साडेएकवीस हजार कोटी घटले ते गॅसच्या किमती उतरल्या म्हणून. ग्राहकांनी कमी सिलिंडर घेतल्यामुळे झालेली घट उरलेली, म्हणजे दोन हजार कोटींच्याही आत.

कांदा ऐंशीवरून वीसवर आला आणि महिन्याचा किराणा कमी झाला, तर ‘मी काटकसर केली’ असं आपण म्हणत नाही. बचतीचा आकडा दिसला की एवढंच विचारायचं: याच काळात आणखी काय बदललं?

जे यादीत आलेच नाहीत

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागातल्या ७५ आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचवायचं, असा त्याचा आवाका. ही टक्केवारी लावली गेली २०११ च्या जनगणनेला. त्यावरून देशात सुमारे ८१ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी माणसांचा कोटा ठरला. नंतर लोकसंख्या वाढत गेली, जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती झाली नाही, आणि आता २०२७ ची वाट बघणं चालू आहे. कोटा तिथेच थांबला आहे.

महाराष्ट्रात ‘प्राधान्य कुटुंबात’, म्हणजे या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या यादीत, बसायला शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार, गावात ४४ हजार. शहरात महिन्याला पाच हजारांच्याही आत. घरकाम करणारी बाई दोन घरची भांडी-धुणी करून ही मर्यादा ओलांडते. यादी शंभर टक्के बरोबर असली, एकही घुसलेला नसला, तरी तिच्या मुलांना ते धान्य मिळत नाही. ‘अपात्र किती’ या प्रश्नात ती कुठेच नाही.

पण फसवणूक होतेच ना?

होते. पगारदार सरकारी कर्मचारी बायकांनीही लाडकी बहीणचे हप्ते घेतल्याचं उघड झालं. त्यांना आपण नोकरीत आहोत हे माहीत होतं, तिथे कसलाही संशय नाही. वसूल करावेतच. फसवणूक शोधू नका असं मी म्हणत नाही. शोधण्याआधी शिक्षा देऊ नका आणि शोधून झाल्यावर घुसलेले आणि गळालेले असे दोन्ही रकाने छापा, एवढंच म्हणणं आहे.

आधार आहे, ई-केवायसी आहे, मग चूक राहतेच कशी, असंही विचारलं जातं. आधार सांगतो की समोरची व्यक्ती तीच आहे. ती गरीब आहे की नाही, पात्र आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं. आणि ओळख पटवतानाही माणसं अडकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झाला, त्यांनी काय करायचं? पुढे त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची सोय करावी लागली, मुदतही वाढवावी लागली. वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, हे रेशन दुकानात रोज दिसतं.

आणि घरोघर जाणं परवडणार कसं? जायची गरजच नाही. शितावरून भाताची परीक्षा ही आपली जुनी पद्धत आहे. फक्त शीत वरवरचं घ्यायचं नाही, भात खालून वर ढवळून घ्यायचं. थांबवलेल्या सव्वीस लाखांतून प्रत्येक जिल्ह्यातली काहीशे नावं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि अधिकाऱ्यांऐवजी बाहेरच्या माणसांनी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, तर काही आठवड्यांत कळेल की शंभरात किती चुकून अडकल्या. झारखंडमधल्या अभ्यासाची रीत हीच होती.

यादी मोठ्यानं वाचली की काय होतं

आकडा तपासायचं सगळ्यात जुनं आणि स्वस्त हत्यार गावाकडेच आहे. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई भरवली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रकं लोकांसमोर मोठ्यानं वाचली गेली. लोक उठून सांगू लागले: हा तर कधीच वारला, ही त्या दिवशी माहेरी होती, मी काम केलं पण पैसे मिळाले नाहीत. घुसलेले आणि गळालेले दोन्ही एकाच मांडवाखाली सापडले, कारण गावात कोण कोण आहे हे गावाला माहीत असतं. त्याच चळवळीतून पुढे माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली.

पुढे हे कायद्यात आलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नं कामांचं सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे लोकांनीच हिशेब तपासणं, ग्रामसभेकडे दिलं. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये तशीच तरतूद आहे आणि कलम २९ मध्ये दक्षता समित्यांची. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण, हे सरकारनं कुणी न मागता प्रसिद्ध करावं.

इथे खासगीपणाचा मुद्दा येतो आणि तो खरा आहे. बाईचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, आजार, नवऱ्यानं टाकल्याची नोंद चावडीवर लागता कामा नये. पण तालुकावार किती नावं थांबवली, कुठल्या अटीवर थांबवली, किती ठिकाणी कुणी जाऊन आलं, यात कुणाचंही नाव लागत नाही. हे आकडे द्यायला कुठलाही खासगीपणा आड येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज एका पानाचा होतो. आमच्या तालुक्यात ‘प्रथमदर्शनी अपात्र’ म्हणून किती जणींचा हप्ता थांबवला, प्रत्येक कारणाखाली किती? त्यांच्यापैकी किती जणींच्या घरी प्रत्यक्ष पडताळणी झाली? किती पात्र निघाल्या? आणि त्यांचे मधले अडकलेले हप्ते कोणत्या तारखेला जमा झाले?